उभ्याची मजुरी

बूनडॉगल सर घाबरले की त्यांचा आवाज बंद पडायचा. विहिरीवरची मोटार लाईट गेल्यावर जशी बंद पडते, तसा. बोलता बोलता, वाक्याच्या मध्यावर. तोंड उघडं, डोळे मोठे, गळ्याची घाटी वरखाली होतेय आणि आवाजाचा पत्ता नाही. आमच्या हायस्कुलात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर कुत्र्याला भ्यायचे, पालीला भ्यायचे, वीज कडाडली की खडू खाली ठेवायचे, आणि हेडमास्तरांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला की सगळा वर्ग सरांच्या तोंडाकडे बघायचा. आता बंद पडतंय का, मग पडतंय.

एकदा वर्गतपासणीला साहेब आले. सर नववीला 'सिनॉनिम्स' शिकवत होते. साहेब दारात दिसले आणि सर गप्प. पण हात चालू राहिला. त्यांनी अख्खा धडा फळ्यावर लिहून काढला, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला जोडीचा शब्द, आणि बोट दाखवून एकेकाला उभं केलं. आम्ही वाचलं. साहेबांनी जाताना शाबासकी दिली, म्हणाले, मुलांना बोलतं करायची ही पद्धत फार चांगली आहे. साहेब फाटकाबाहेर गेल्यावर सरांचा आवाज परत आला. पहिलं वाक्य होतं, "पाणी आणा कुणीतरी."

त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावात ते कुणाला आठवणारही नाही. बूनडॉगल हा त्यांचा लाडका शब्द, तोच त्यांना चिकटला. सर मूळचे भिंगारचे. लहानपणी त्यांच्या घराशेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक म्हातारे साहेब राहायचे. छावणीत कुणी मोठा अधिकारी यायचा असला की रस्त्याकडेचे दगड आदल्या दिवशी गेरू आणि चुन्यानं रंगवले जायचे. तो अधिकारी गेला की पावसानं रंग धुऊन जायचा, पुढचा आला की परत रंगवायचे. ते म्हातारे साहेब व्हरांड्यातून हे बघायचे आणि म्हणायचे, "बूनडॉगल!" सरांनी तो शब्द तिथून उचलला आणि आमच्या गावात आणून रुजवला.

"बूनडॉगल म्हणजे," सर वर्गात सांगायचे, "ज्याला पैसा लागतो, माणसं लागतात, घाम लागतो, लांबून बघणाऱ्याला वाटतं केवढं काम चाललंय, आणि शेवटी हातात काही येत नाही, असं काम." दुकान तोट्यात गेलं तर ते बूनडॉगल नव्हे, त्या माणसाला फायदा हवा होता, झाला नाही, एवढंच. पेरलं आणि उगवलं नाही, तेही नव्हे. करणाऱ्याला आतून ठाऊक पाहिजे की यातून काही निघणार नाही, आणि तरी तो करत राहिला पाहिजे. हा फरक सर इतक्या पोटतिडकीनं सांगायचे की परीक्षेत हा शब्द कधी आला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

वर्गात कुणी हुशारी करून म्हणायचं, "सर, म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं." आमचे भित्रे सर तेवढ्यापुरते तापायचे. "माझे वडील छावणीतल्या बेकरीत होते. त्यांनी खरंच लष्कराचं खाणं भाजलंय. त्याचा पगार यायचा, त्यावर आम्ही चार भावंडं वाढलो. ते बूनडॉगल कसं? मराठीत दुसरं शोधा." मग आम्ही शोधायचो. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' हे त्यांना थोडंसं पसंत होतं. "पण न्हाव्याला सरकारनं भिंत बांधून दिली पाहिजे," ते म्हणायचे, "तर पूर्ण जमेल."

गावात उदाहरणांना तोटा नव्हता. एसटी जिथं थांबत नाही तिथं पिकअप शेड बांधली गेली, ती बूनडॉगल. व्यायामशाळेला छत नव्हतं पण उद्घाटनाची कोनशिला होती, ती बूनडॉगल. सर हे सगळं वर्गात बोलायचे, खिडकीबाहेर बघून, आवाज खाली आणून. एकदा सरपंचांनी त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, "गुरुजी, ते डागल-बिगल म्हंजी काय वो? पोरगं घरी म्हनत हुतं." सरांचा आवाज बंद. सरपंच बराच वेळ उत्तराची वाट बघून निघून गेले.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. सरांच्या पाठीमागं तो कायम असायचा, आणि आम्ही पोरं हसायचो. सर निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी त्याआधीच वारल्या होत्या. मुलगी भिंगारला, ती रोज फोन करायची, "बाबा, इकडे या." सर गेले नाहीत. तिच्या गल्लीत कुत्री फार, हे त्यांनी मला सांगितलेलं कारण. हायस्कुलाच्या रस्त्याला त्यांची भाड्याची खोली होती, तिथंच राहिले. मीही लग्न होऊन गावातल्या गावातच राहिले होते, उसाच्या मधोमध असलेल्या वस्तीवर. मालक साखर कारखान्यात, पाळीची नोकरी. शेत मीच बघायची. आमच्यासह आणखी दोन-तीन घरांची खुरपणी मी आणि माझ्याबरोबरच्या चार बाया मिळून करायचो.

मग बिबटे आले. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. आले म्हणजे उसात आधीपासून असतील, पण आता दिसायला लागले. आधी कुत्री गेली. मग एका वस्तीवरची कालवड गेली. मग शेजारच्या गावात दिवसाढवळ्या, अकराच्या उन्हात, खुरपायला बसलेली बाई गेली. तिच्या बरोबरीच्या बायका हातभर अंतरावर होत्या. वाकून बसलेल्या होत्या, त्यामुळं कुणाला काही दिसलंच नाही.

मी तोंडाची फटकळ म्हणून गावात प्रसिद्ध आहे. सासूला, दिराला, टेम्पोवाल्याला, कुणालाही तोडून बोलते. पण त्या बाईची बातमी आल्यापासून मी भांडायचीही विसरले. माझी चिमी तेव्हा पाच वर्षांची. शाळेत अजून घातली नव्हती, सासू दिराकडे, घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून ती माझ्याबरोबर शेतात. मी खुरपायची आणि ती बांधाच्या कडेला उकिडवी बसून खडे मांडायची. उकिडवी बसलेली पाच वर्षांची पोर केवढी दिसते, ते मी त्या दिवसांत पहिल्यांदा बघितलं. शेळीच्या करडाएवढी. मी दोनदा खुरपं मारलं की एकदा मान वर करायची. कामात लक्ष नाही, रात्री झोप नाही, आणि घरात बसावं तर पीक गवतात चाललेलं.

फॉरेस्टवाले गावात आले, देवळापुढं सभा झाली. त्यांनी सांगितलं की उभ्या माणसाच्या अंगावर वाघ सहसा येत नाही. वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो. म्हणून बायका खुरपायला बसल्या की एकानं उभं राहून नुसती राखण करावी, बोलत राहावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक बागाईतदार उठला. "साहेब, तुमचं खरं हाय. पर उभ्याची मजुरी कुनी द्यायची? त्यो खुरपनार न्हाई, काडनार न्हाई, नुसता उभा ऱ्हानार. त्येचं काय धरायचं?" लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "सर बसल्यात बगा. सर, तुमच्या इंग्लिशमदी ह्या कामाला काय म्हंत्यात?"

सर कडेला ओट्यावर बसले होते. एवढ्या लोकांपुढं विचारलं म्हणून ते घाबरणार आणि आवाज जाणार, असं मला वाटलं. ते उठले, छत्रीला धरून. म्हणाले, "बूनडॉगल." लोक आणखी हसले. हसू ओसरेपर्यंत सर थांबले आणि मग म्हणाले, "नंदाच्या टोळीत मी उभा राहतो. मजुरी नको. घाबरायचं काम मला चांगलं जमतं."

नंदा म्हणजे मी. घरी येऊन मालकांना म्हटलं, "हे म्हातारं कशाला आलंय आपल्या राशीला? त्यांना शेळीचं भ्या वाटतं, ते वाघ काय बघणार?" आमच्या टोळीतल्या हिराआक्काही तेच म्हणाल्या. आक्का वयानं सगळ्यांत मोठ्या, तोंडात कायम मिश्री. "वाघ आला तर ह्येन्ला आपुनच उचलून आनायचं," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी सर आले ते शाळेत यायचे तसे. इस्त्रीचा पांढरा सदरा, काळी छत्री, पायांत बूट. बांधावर चढले आणि आम्हा पाचजणींना समोर उभं केलं. "एक गोष्ट आधी सांगतो," ते म्हणाले. "मला ते जनावर दिसलं तर मला ओरडता येणार नाही. माझा आवाज जातो, तुम्हाला माहितीच आहे. म्हणून मी आधीपासून बोलत राहणार. सारखा. तुम्ही ऐकू नका, कामं करा. पण बोलणं थांबलं की समजायचं. उठायचं, उसाकडं तोंड करायचं, खांद्याला खांदा लावायचा, आणि नंदानं चिमीला उचलायचं."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. हसावं की काय करावं कळेना. गावात राखणदार म्हणून डबा वाजवणारे झाले, शिट्ट्या मारणारे झाले, पण गप्प बसून खबर देणारा राखणदार कुणी पाहिला नव्हता. आक्का म्हणाल्या, "बरं हाय. म्हंजी तुमी गप झाला की आमी पळायचं." सर म्हणाले, "पळायचं नाही. पळालं की तो मागं येतो. उभं राहायचं."

आणि सर बोलायला लागले. त्यांना येत काय होतं? इंग्रजी. त्या हिवाळ्यात आमच्या कांद्याच्या वाफ्यांवर जेवढं इंग्रजी सांडलं तेवढं हायस्कुलात सांडलं नसेल. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. मग त्याचं अनेकवचन. मग उलट अर्थाचा शब्द. आम्ही खाली मान घालून गवत काढत होतो आणि डोक्यावरून तो आवाज चालला होता, पाट वाहतो तसा. दोन-चार दिवसांत लक्षात आलं की आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते, आवाज चालू आहे एवढंच ऐकू येत होतं. मी मान वर करायची सोडली. कितीतरी दिवसांनी माझे दोन्ही हात एकाच कामाला लागले.

आक्का मात्र ऐकत होत्या. एका दुपारी त्यांनी बूनडॉगलचा अर्थ नीट विचारून घेतला आणि म्हणाल्या, "म्हंजी आमचं मालक सकाळच्याला पारावर पेपर वाचत बसत्यात, तसं?" सर म्हणाले, "नाही, नाही. लांबून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की मोठं काम चाललंय." आक्का म्हणाल्या, "वाटतंय की! चष्मा लावत्यात." सरांना एवढं हसू आलं की बोलणं थांबलं, आणि आम्ही पाचही जणी खुरपी घेऊन उठलो. सर हात हलवून सांगत होते, काही नाही, काही नाही. त्यानंतर त्यांनी उभं असताना हसायचं बंद केलं.

सर कधी बसले नाहीत, ही गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. सत्तरीच्या पुढचा माणूस, गुडघे दुखायचे, पण बांधावर आले की भाकरीची सुट्टी होईपर्यंत उभे. मी एकदा खाटलं नेऊन ठेवलं, त्यावर त्यांनी छत्रीची पिशवी ठेवली. "नंदे, बसलो की मी लहान दिसेन," ते म्हणाले. त्यांना भीती वाटत नव्हती असं अजिबात नाही. उसाचं पान सळसळलं की आवाज कापायचा. सकाळी येताना ते रस्त्याच्या मधोमध, छत्री समोर धरून यायचे. मी एकदा सरळ विचारलं, "सर, एवढं भेता तर येता कशाला?" ते म्हणाले, "घरात बसून भ्यायलो तर फुकट जातं ते. इथं भ्यायलो तर कुणाच्या तरी उपयोगी पडतं." मग लगेच त्यांना वाटलं की आपण फार मोठं बोललो, म्हणून त्यांनी 'युजफुल'चं स्पेलिंग सांगितलं.

गावातले लोक रस्त्यानं जाताना गाडी थांबवून बघायचे. "सर, काय बूनडॉगल चाललंय?" विचारायचे. सर मान डोलवायचे. एवढा वेळ उभं राहून त्यांनी काय केलं, तर काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. काही न होणं दाखवायचं कसं? बागाईतदार आमच्या मालकांना म्हणायचा, "तुमच्याकडं वाघ न्हाईच, उगं म्हाताऱ्याला उन्हात तापवताय."

मग तो दिवस आला. लसणाच्या वाफ्यात होतो आम्ही. शेजारचा ऊस तुटायचा राहिलेला, माणसापेक्षा उंच, आत अंधार. चिमी पाटाच्या कडेला उकिडवी बसून ओल्या मातीचे लाडू करत होती. सर आम्हाला 'मार्केट' सांगत होते. "आय वेंट टू द मार्केट टू बाय," म्हणाले आणि गप्प झाले.

मला आधी काही कळलंच नाही. हात खुरपत राहिले. मग कानाला ते सुनं लागलं. मी उठले. सर बांधावर नव्हते. ते वाफ्यातून चालत होते, भरभर नाही, पाण्यात चालल्यासारखे, आणि ते चिमीकडे चालले होते. चिमीच्या पलीकडे उसाच्या पहिल्या ओळीत पाचटाच्या रंगाचं काहीतरी होतं. त्याला कान होते. ते खाली दबलेलं होतं, आणि ते माझ्याकडे बघत नव्हतं, माझ्या पोरीकडे बघत होतं.

माझे पाय हलले नाहीत. लोक सांगतात, आई वाघिणीसारखी धावते. मी धावले नाही. सर पोचले. चिमीच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून उभे राहिले आणि त्यांनी छत्री उघडली. फट् असा आवाज झाला. तेवढाच. सरांच्या तोंडातून काही नाही. ते काळी छत्री पुढं धरून, हात वर करून, होता होईल तेवढे मोठे होऊन उभे होते, आणि छत्रीच्या काड्या थरथरत होत्या. खाली चिमी मातीचा लाडू त्यांच्या बुटावर ठेवत होती.

मागून आक्का ओरडल्या, बाकीच्या ओरडल्या, कुणीतरी भाकरीचं ताट वाजवलं. उसाचं पान हललं आणि परत सरळ झालं. तो गेला.

मी चिमीला उचललं तेव्हा ती दुखतंय म्हणून रडायला लागली, इतकं मी तिला आवळलं होतं. सर तिथंच उभे. छत्री मिटता येईना त्यांना, ती आक्कांनी मिटली. त्यांचा आवाज संध्याकाळपर्यंत आला नाही. मी त्यांच्या पाया पडले. मला बोलायचं खूप होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "सर, च्या टाकते." सरांनी बोटानं दाखवलं, साखर कमी.

फॉरेस्टवाल्यांना ओल्या पाटात पंजे सापडले. पिंजरा लागला, काही दिवसांनी एक मादी त्यात सापडली. सगळं गाव बघायला लोटलं, पोरांनी मोबाईलवर फोटो काढले. सरही आले होते, पण लांब, वडाच्या मागं. गाव म्हणालं, सुटलो. ज्या दोन-तीन टोळ्यांनी आमचं बघून राखणदार ठेवले होते, त्यांनी ते बंद केले. बागाईतदार सरांना म्हणाला, "सर, झालं की तुमचं काम. आता आराम करा." सर म्हणाले, "तीच होती हे तिनं सांगितलं का?"

दुसऱ्या दिवशी सर बांधावर हजर. मला तर हवंच होतं. खरं सांगते, पिंजऱ्यातली मादी बघून माझी भीती वाढली. इतक्या जवळून तिचा जबडा बघितल्यावर मला रात्री चिमीचा गळा चाचपून बघितल्याशिवाय झोप येईना. सरांचा आवाज चालू असेपर्यंत मी माणसात असायची. तो आवाज दुपारी बंद झाला, ते खोलीकडे निघाले, की मी कडी लावून बसायची.

पुढचं सांगायला मला जड जातं. माघ सुरू झाला होता. आमच्याच रानात कांद्याची दुसरी खुरपणी चालली होती. ऊन छान होतं, थंडी सरत आलेली. सर सकाळपासून नेहमीसारखेच होते. चिमीशी काहीतरी बोलले, छत्री टेकवली आणि सुरू झाले. "नेबर म्हणजे शेजारी. अवर नेबर इज अ गुड मॅन. अवर नेबर हॅज..." आणि आवाज थांबला.

या वेळी आमच्यात कुणी चुकलं नाही. पाचहीजणी एका दमात उठलो. मी चिमीला खांद्यावर घेतलं, खांद्याला खांदा लावला, खुरपी पुढं धरली, आणि उसाकडं तोंड केलं. त्यांनी शिकवलं होतं तसं, सगळं बरोबर केलं. ऊस वाऱ्यानं हलत होता. प्रत्येक पानाच्या मागं मला कान दिसत होते. आक्का पुटपुटत होत्या, "कुटं हाय? कुटं हाय गं?" आणि कुणालाच काही दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून भीती आणखी वाढत होती. आम्ही आणखी डोळे ताणून उसात बघत होतो.

चिमी माझ्या खांद्यावरून मागं बघत होती. ती माझ्या कानात म्हणाली, "आई, सर बसलेत."

सर बांधावर बसले होते. छत्रीवर दोन्ही हात, हनुवटी हातांवर. मी पोचले तेव्हा डोळे उघडे होते, पण कशाकडे बघत नव्हते. टेम्पोतून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली. मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, काही सांगता येत नाही. मी परत विचारलं नाही.

मुलगी भिंगारहून आली. सगळं उरकल्यावर ती आमच्या रानात आली, जिथं सर गेले ती जागा बघायची म्हणाली. बांधावर उभी राहिली, उसाकडे, कांद्याकडे, आमच्याकडे बघितलं. "पण बाबा इथं काय करत होते?" तिनं विचारलं. सरांनी तिला शेवटपर्यंत सांगितलंच नव्हतं. वाचनालयात जातो म्हणाले होते. आक्का म्हणाल्या, "उभं ऱ्हात हुते, बाई." ती म्हणाली, "नुसते?" आक्का म्हणाल्या, "नुसतेच." मग चिमीला त्यांनी पुढं केलं आणि म्हणाल्या, "ही हाय बगा." आक्का आणि सरांची मुलगी मग किती वेळ रडल्या.

वाघ अजून आहेत. मागच्या महिन्यात ओढ्याकडच्या वस्तीवर बोकड नेला. आता बांधावर मी उभी असते. मजुरी आम्ही पाचजणींत वाटून घेतो, उभीलाही तेवढीच, बागाईतदार काही म्हणू दे. मला इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून मी सासूच्या कागाळ्या सांगते, भाजीला काय केलं ते सांगते, आणि काही सुचेनासं झालं की आठवतील तेवढे शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. कधी घसा कोरडा पडतो, कधी भरून येतो, आणि माझं बोलणं तुटतं. बाया खुरपी टाकून उठतात. आता त्या आधी माझ्याकडे बघतात, मग उसाकडे.